इंडियम या मूलद्रव्याचं नाव भारतावरून पडलंय का?

थेट नाही. ठाण्यातल्या ज्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न आला, तिथे 'भारत' हे उत्तर बरोबर धरलं असेल तर खुशाल हरकत घ्या. नाव पडलं रंगावरून. १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये राइश आणि रिश्टर हे शास्त्रज्ञ जस्ताच्या खनिजात थॅलियम शोधत होते. थॅलियमची वर्णरेषा (तापवलेल्या मूलद्रव्याच्या प्रकाशात दिसणारी ठरावीक रंगाची रेघ) हिरवी असते, पण दिसली ठळक इंडिगो निळी, साधारण ४५१ नॅनोमीटरची. (पाहिली रिश्टरनी, कारण राइश यांना रंग ओळखता येत नसत.) अर्थात इंडिगो म्हणजे भारतातून युरोपात जाणारी नीळ, त्यामुळे एक पायरी मागे गेलात तर आपला देश सापडतोच. आयोजकांशी वाद घालताना एवढं मान्य करावं लागेल.

देशावरून थेट नाव असलेली हवी असतील तर ही बिनधास्त लिहा:

- जर्मेनियम: १८८६, विंकलर, तेही फ्रायबर्गमध्येच
- पोलोनियम: १८९८, क्युरी दांपत्य, तेव्हा पोलंड स्वतंत्र देश नव्हता, म्हणूनच मुद्दाम ठेवलेलं नाव
- निहोनियम: जपानवरून, २०१६ मध्ये मान्यता

नुसत्या 'इयम'वर विसंबू नका. थोरियम आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत भरपूर आहे, पण नाव थॉर या नॉर्स देवाचं.