ऑक्टाव्हिया व्हीआरएसला मोठा टर्बो टाकायचाय, कुठला घेऊ आणि सोबत काय काय बदलू?

प्रश्न असा आहे की गाडी स्कोडाची २०१८ ची व्हीआरएस २३०, पुण्यात, ६२ हजार किलोमीटर झालेत, स्टेज १ चा रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) आधीच मारलाय, आता आयएस३८ (कंपनीच्या आयएस२० पेक्षा मोठा टर्बो) घ्यावा की त्याच्याही पुढचा हायब्रिड टर्बो (हाऊसिंग तेच, आतली चक्रं मोठी), ऑडी आर८ चे लाल इग्निशन कॉइल लावावेत का, आणि "बाकी काय लागेल ते पण दादा लोकांनी सांगा". माझी पण हीच गाडी आहे, २०१७ ची, आयएस३८ वर तीन वर्षं फिरतोय, तेव्हा खाल्लेल्या मारासकट सांगतो.

हायब्रिडचा विचार सोड. आयएस३८ घे, पण आत्ता नको. आधी गाडीचे लॉग काढ, म्हणजे चालताना सेन्सर देतात ते आकडे, हवा तापत असेल तर मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करतो तो) टाक, आणि मग बघ तुला टर्बो खरंच हवाय का. माझ्या ओळखीत दोघं असे आहेत की इंटरकूलर टाकल्यावर त्यांची टर्बोची खाज मिटली.

कारण सांगतो, थोडं गणित आहे पण कंटाळू नको. आपलं इंजिन १९८४ सीसीचं. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे ६५०० आरपीएमला मिनिटाला साधारण ६४०० लिटर हवा आत घेतं, भरण्यातली थोडी तूट धरली तर सहा हजाराच्या वर. आता १.४ बार बूस्ट (टर्बो वरून देतो तो हवेचा दाब) धर, म्हणजे वातावरणाचा दाब मिळवून २.४ बार, आणि इंजिनात जाणारी हवा ५० डिग्रीला असेल तर ती मिनिटाला १६ किलोच्या आसपास भरते. पौंडात ३५. ट्यूनिंगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे १० हॉर्सपॉवर, म्हणजे झाले ३५०. आता तोच टर्बो, तेच १.४ बार, फक्त हवा ९० डिग्रीला गेली तर वजन भरतं १४ किलो आणि हॉर्सपॉवर उरतात ३१०. चाळीस घोडे नुसत्या उष्णतेत गेले, आणि गरम हवेने नॉकिंग होतं (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसतात) म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीची वेळ मागे खेचतो त्यात जातात ते वेगळे. डायलवर बूस्ट मात्र तेवढंच दिसतं, म्हणून लोक "बूस्ट तर येतंय मग गाडी का उचलत नाही" म्हणत टर्बोला शिव्या घालतात.

हवा तापते किती ते ऐक. एप्रिलमधली ४० डिग्रीची हवा कंप्रेसरने अडीचपट दाबली, आणि कंप्रेसर त्याच्या चांगल्या पट्ट्यात म्हणजे ७० टक्के एफिशियन्सीला चालत असला, तरी ती बाहेर पडते १७० डिग्रीच्या पुढे. आपला कंपनीचा आयएस२० छोटा आहे, वरच्या आरपीएमला त्याच्याकडून तेवढीच हवा मागितली की तो त्या पट्ट्याच्या बाहेर जातो, एफिशियन्सी ६० ला आली की तीच हवा १९५ च्या घरात. मोठ्या टर्बोचा खरा फायदा हा आहे, बूस्ट जास्त देतो म्हणून नाही तर तेच बूस्ट थंड देतो आणि एक्झॉस्टची वाट कमी अडवतो म्हणून. त्यात आपण समुद्रसपाटीला पण नाही बरं का, पुणे ५६० मीटरवर आहे, बाहेरचाच दाब इथे ०.९५ बार, महाबळेश्वरला गेलास तर त्याहून कमी, आणि ईसीयू तेवढाच ॲब्सोल्यूट (वातावरणासकट एकूण) दाब मागतो म्हणून टर्बोला जास्त गरगरावं लागतं. मुंबईत ट्यून केलेली गाडी वर घाटमाथ्यावर आली की टर्बोवरचा ताण वाढतो तो असा.

म्हणून आधी लॉग. ओबीडीचा (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा) चांगला डोंगल घे आणि पाच गोष्टी टिपून घे: मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट, इनटेक टेम्परेचर, चारही सिलिंडरचं टायमिंग किती मागे खेचलं जातंय, फ्युएल रेलचं (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीचं) प्रेशर, आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण). डायनोवर (गाडी जागेवर रोलरवर पळवून ताकद मोजतात तिथे) कर, एक्स्प्रेसवेवर नको, तिथे मर्यादा १००, डोक्यावर कॅमेरे, आणि तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनला जाईपर्यंत तू कधीच त्याच्या पुढे गेलेला असशील. एकामागून एक तीन पुल (रेडलाइनपर्यंत फुल ॲक्सिलरेटर) घे, मधे गाडी थंड होऊ देऊ नको. पहिल्या पुलला ५० आणि तिसऱ्याला ७५ डिग्री दिसली तर तुझा प्रॉब्लेम इंटरकूलर आहे, टर्बो नाही. बूस्ट ५००० च्या पुढे उतरत गेलं आणि बाकी सगळं थंड असेल तर मात्र टर्बो खरंच संपलाय.

आयएस३८ च का? कारण तो याच ईए८८८ (आपल्या इंजिनाचं कंपनीचं नाव) इंजिनावर गोल्फ आर आणि ऑडी एस३ ला कारखान्यातूनच येतो, आयएस२० सारखाच आयएचआय कंपनीचा. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे आणि टर्बो थेट हेडला बोल्ट होतो, त्यामुळे वेल्डिंग नाही, ॲडॅप्टर नाही, ऑइल आणि कूलंटच्या लाइनींचा जुगाड नाही. उद्या विकताना जुना परत बसवता येतो हे पण बघ. हायब्रिडमध्ये हाऊसिंग तेच ठेवून आतली चक्रं मोठी केलेली असतात, ती कोणी बॅलन्स केली, बेअरिंग कुठलं टाकलं, हे बिल देणाऱ्याच्या शब्दावर. दीड लाख आरपीएमच्या वर फिरणाऱ्या वस्तूबाबत मला शब्द नको.

तोटा पण ऐकून घे. आयएस३८ पाच-सहाशे आरपीएम उशिरा जागा होतो. नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये आणि शहरात गाडी आधीपेक्षा सुस्त वाटेल, खोटं नाही सांगत, माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं "एवढे पैसे घालून गाडी हळू केलीस का?" आणि गोल्फ आर, एस३ या चारही चाकं ओढणाऱ्या आहेत, आपली फक्त पुढची दोन. जुलैत ताम्हिणीत दुसऱ्या गिअरला पाय दाबलास तर टायर नुसते फिरतात आणि स्टिअरिंग हातातून वळतं. टायर, ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल हे टर्बोच्या बजेटमध्येच धर. माझा हिशोब असा झाला की टर्बोला एक रुपया लागला तर बाकीच्याला दीड.

त्या दीड रुपयातला मोठा वाटा पेट्रोल पुरवणाऱ्या पंपांचा, आणि इथेच मी आपटलो. टर्बो बसला, ट्यून झाला, पहिले दोन आठवडे स्वर्ग. मग एका रात्री बायपासवर चौथ्या गिअरमध्ये गाडीने एकदम मान टाकली, चेक इंजिनचा दिवा, लिंप मोड (ईसीयू ताकद कापून गाडी जेमतेम चालवतो तो). ज्याने ट्यून केला त्या भाऊंनी फोनवर "प्लग बदला" सांगितलं. प्लग बदलले, पुन्हा तेच. शेवटी स्वतः लॉग काढला तर रेल प्रेशर मागतंय २०० बार आणि ५५०० च्या पुढे मिळतंय १४०. हाय प्रेशर पंपाला मागून टाकीतला पंपच पुरेसं पेट्रोल देत नव्हता. डायरेक्ट इंजेक्शनला पेट्रोल फवारायला वेळ फार थोडा मिळतो, रेलचं प्रेशर पडलं की मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), आणि फुल बूस्टला पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला भोक. ईसीयूने गाडी वेळेवर बंद पाडली म्हणून इंजिन वाचलं, नाहीतर मी आज हे उत्तर लिहीत नसतो, ईएमआय भरत असतो. त्यात आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल), म्हणजे त्याच ताकदीला सात-आठ टक्के पेट्रोल जास्त लागतं, तो बोजा परत याच पंपांवर. तेव्हा टाकीतला पंप आणि हाय प्रेशर पंप दोन्ही आधी. तुझ्या इंजिनाला पोर्टचे (इनटेकच्या वाटेत पेट्रोल सोडणारे) जादा इंजेक्टर आहेत का तेही बघून घे, असतील तर ट्यूनरला काम सोपं जातं.

पेट्रोल कुठलं यावर पण ट्यून ठरतो. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणे होतं, आणि दिल्लीत भाव १६० रुपये लिटर, त्यामुळे रोज कोणी भरत नाही. त्यावर ट्यून करून घेतलास आणि कराडच्या पुढे साधं भरावं लागलं तर? दोन मॅप मागून घे, साध्या पेट्रोलचा वेगळा, आणि रोजचा तोच ठेव.

गिअरबॉक्सच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. आपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स डीक्यू२५० आहे, सहा गिअरचा, तेलात बुडलेल्या क्लचचा. १.८ टीएसआयवाल्यांचा डीक्यू२०० कोरड्या क्लचचा असतो, त्यांनी हे उत्तर वाचून काही सुचवून घेऊ नये. तरी टीसीयूचा (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचा) ट्यून इंजिनाच्या ट्यूनसोबतच कर, नाहीतर क्लचवरचा दाब जुनाच राहतो आणि क्लच घसरतात, आणि गिअरबॉक्सचं तेल-फिल्टर ६० हजाराची वाट न बघता दर ४० हजाराला बदल. ट्यूनरला एक वाक्य ठणकावून सांग: खाली टॉर्क नको. पिस्टनचा रॉड वाकवतो तो २५०० ला एकदम आलेला टॉर्क, ६००० चे हॉर्सपॉवर नाही. कागदावर थोडा कमी आकडा आला तरी चालेल.

हे सगळं करायच्या आधी वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाऊसिंग बघ, या इंजिनाचं ते जुनं दुखणं आहे, गुलाबी डाग दिसले की गळतंय. ६२ हजारला इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन पण बसलेला असेल, पंपासाठी इनटेक मॅनिफोल्ड उघडलास तर साफ करून घे. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) लागेलच, पण कॅट (धूर साफ करणारी जाळी) काढून नुसता पाइप लावू नको, २०० सेलचा, म्हणजे मोकळ्या जाळीचा, कॅट असलेला घे, वास पण येत नाही आणि पीयूसीला घाम पण फुटत नाही.

कायद्याचं एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा अर्थ एवढाच की कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याहून मोठी भीती इन्शुरन्सची, अपघातानंतर सर्व्हेअरने बॉनेट उघडलं तर क्लेम अडकतो. मी ट्रॅक आणि ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची ड्रॅग यासाठी केलं आणि रस्त्यावर ती जोखीम डोळे उघडे ठेवून घेतली, तुझं तू ठरव.

बसवताना स्वतः गॅरेजमध्ये उभा राहा, विशेषतः शेवटच्या तासाला. मिस्त्री दमलेला असतो आणि त्याला गाडी चालू झालेली बघायची असते. नवा टर्बो लावून थेट सेल्फ मारू देऊ नको. ऑइल फीडच्या तोंडातून पिचकारीने स्वच्छ इंजिन ऑइल सोड, बोटाने चाक फिरव, मग इंजेक्टरचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद क्रँक कर, ऑइलचं प्रेशर आलं की फ्यूज लाव. पहिली दहा मिनिटं नुसती आयडलवर. ऑइल रिटर्नच्या जागी नवीन गॅस्केटच हवी, सिलिकॉनचा गोळा नाही, तो आत सुटून वाट अडवतो आणि मग टर्बो निळा धूर सोडायला लागतो.

सेकंडहँड आयएस३८ मिळत असेल तर शाफ्ट धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघ. वर-खाली जरासा हलला तर घाबरू नको, तेलाच्या थराची जागा असते, पण चाकाची पाती हाऊसिंगला घासल्याच्या खुणा असतील किंवा आत-बाहेर कटकट जाणवली तर फुकट दिला तरी घेऊ नको.

आणि ते लाल कॉइल विचारलेस ना, आर८ चे. छान दिसतात. प्लग एक रेंज थंड घे, गॅप ०.६ ला आण, कॉइल आहेत तेच राहू दे.