मोठा पॅच म्हणजे हात गेला, असं नाही

‘एमआरआयमध्ये पॅच मोठा आहे, हाताची आशा ठेवू नका’ असं (पॅच म्हणजे मेंदूतला इजा झालेला भाग) तुम्हाला वडिलांच्या लकव्यानंतर नवव्या दिवशी सांगितलं आणि आता हाताच्या फिजिओवर पैसे घालावेत का, असा तुमचा प्रश्न आहे. आईच्या वेळी आम्हाला जवळपास हेच ऐकवलं होतं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही.

आम्ही ते निकालासारखं घेतलं. डिस्चार्जच्या कागदावर चालण्याचे व्यायाम होते, हाताबद्दल एक ओळ नव्हती, आणि आम्हीही विचारलं नाही. सहा आठवडे हात नुसता लोंबत होता. उठवताना सगळे त्याच हाताला धरून ओढायचे, मीसुद्धा. पुढे बोटं जराशी हलायला लागली, तोवर खांदा इतका आखडला होता की आई कुणाला हात लावू देईना. ते दिवस मला अजून खुपतात.

नंतर कळलं ते असं. पॅच केवढा यापेक्षा कुठे, हे जास्त महत्त्वाचं. हाताला हुकूम नेणारे तंतू मेंदूतल्या इंटर्नल कॅप्सूल नावाच्या चिंचोळ्या जागेतून दाटीवाटीने जातात. तिथला छोटा पॅच हात पाडतो, दुसरीकडचा मोठा कधी सोडूनही देतो. ऑकलंडच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हात कितपत सुधारेल याच्या अंदाजाची एक पद्धत मांडली. तिची सुरुवातच खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटं उघडता येतात का, इथून होते, तेही पहिल्या तीन दिवसांत. हालचाल पुरेशी नसेल तर डोक्यावर चुंबकीय ठोका देऊन हातात प्रतिसाद येतो का ते बघायचं, आणि तोही आला नाही तरच एमआरआय. २०१७ च्या सुधारित पद्धतीत तर एमआरआय काढून तिथे स्ट्रोकच्या तीव्रतेचा स्कोअर घेतला. एवढं करूनही चारातला एक अंदाज चुकतोच. मग नुसती फिल्म उजेडाला धरून कुणी छातीठोक कसं बोलतं?

तुमचे तीन दिवस उलटून गेलेत, त्यामुळे ते गणित जसंच्या तसं लावू नका. माझं मत विचाराल तर फिजिओ सुरूच ठेवा, दुसऱ्या एमआरआयवर पैसे घालू नका (न्यूरॉलॉजिस्टने कारण देऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी). बसताना हाताखाली उशी द्या, बगलेत हात घालून उठवू नका. आणि फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. आम्हाला त्यासाठी हॉस्पिटलच्या खिडकीवर चार खेपा घालाव्या लागल्या.

वडिलांची बोटं आज थोडी तरी उघडतात का?