विचारा गुरुजींना : ‘कोर्सनं मला पहिलीत बसवलं!’

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. वर्गातला टीव्ही-लॅपटॉप वापरण्याचं ऑनलाइन प्रशिक्षण सुरू झालंय. आधी चाचणी, मग ज्याला जे येत नाही तेवढेच धडे. नव्यानं लागलेल्या सरांना थेट प्रश्नमंजुषा बनवण्याचा धडा आला, मला मात्र टीव्हीला लॅपटॉप जोडण्यापासून सुरुवात! इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर अपमान वाटतो. चाचणीची उत्तरं ग्रुपवर फिरताहेत. ती बघून पुन्हा देऊ का?

उत्तर : नका देऊ, बाई. केंद्रप्रमुख होतो तेव्हा असल्या उत्तरांची फिरवाफिरवी लई बघितली. सगळ्यांना एकच व्हिडिओ असायचा तोवर त्यानं काही बिघडत नव्हतं. तो चालू ठेवून लोक वह्या तपासायचे. इथं मात्र उसनी उत्तरं दिलीत की कोर्स समजणार, बाईंना सगळं येतं. जोडणीचा धडा गाळला जाईल आणि सोमवारी पोरांसमोर पडद्यावर ‘नो सिग्नल’.

अपमानाचं म्हणाल तर तुम्ही शिकवता कसं, हे त्यानं विचारलेलंच नाही. अशा कोर्समध्ये एकेक प्रश्न एकेका कौशल्याला बांधलेला असतो. उत्तर बरोबर आलं की त्या कौशल्याचा अंदाज वर सरकतो, चुकलं की खाली. येत असूनही हात चुकतो, येत नसताना अंदाजपंचे टोला बरोबर लागतो. हेही धरून हिशेब करण्याची रीत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकातच मांडली. म्हणून एकदोन चुकांनी कुणी खाली बसत नाही. जोडणी खरंच येत असेल तर तो धडा लगेच सुटेल.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय. ते तास येतंय त्यातच घालवायचे का?

तुमच्याकडं पावसात रेंजची बोंब. धडे डाउनलोड होत असतील तर आधीच करून ठेवा. चाचणीला मात्र नेट लागेल असं धरून चाला, पुढचं काय द्यायचं ते तुमच्या उत्तरावरून ठरतं ना.

आणि ‘नो सिग्नल’ आलंच तर टीव्हीच्या मागं वाकून बघा, केबल एचडीएमआय १ मध्ये आहे की २ मध्ये. रिमोटवरचं सोर्स बटण दाबून तेच निवडा. मग पन्हाळ्याच्या वेढ्याचा पाठ नकाशा उघडून घ्या. पन्हाळा ते विशाळगड वाट पोरांनाच बोटानं दाखवू द्या. ते कसं करून घ्यायचं, हे त्या नव्या सरांना तुम्ही शिकवा.