अकरा वर्षांच्या खंडानंतर ब्रिटनमध्ये नर्सिंग : हात पुन्हा कसे तयार करावेत

तुमचे पत्र दोनदा वाचले. तुम्ही जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झाल्यावर सात वर्षे महापालिकेच्या रुग्णालयात मेडिकल वॉर्डमध्ये काम केले, दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली आणि त्याला आता अकरा वर्षे होत आली. आता ब्रिटनला जायचे ठरवले आहे. आयेल्ट्सची, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी चालू आहे, पण मनात धाकधूक आहे ती हातांची. रुग्णालयातले प्रत्यक्ष काम इथेच पुन्हा सुरू करावे, की ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर तिथल्या प्रशिक्षणात ते आपोआप जमेल, असे तुम्ही विचारले आहे. माझा स्वतःचा खंड नऊ वर्षांचा होता. मी २०१९ मध्ये यॉर्कशायरमधील एका रुग्णालयात रुजू झाले आणि पहिल्या प्रयत्नात ऑस्कीत, म्हणजे तिथल्या नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, नापास झाले. त्यामुळे हे उत्तर अनुभवाचे आहे, आणि काही अंशी पश्चात्तापाचेही.

सरळ उत्तर असे, की महाराष्ट्रातच किमान सहा महिने रुग्णाच्या खाटेजवळ काम करा आणि मगच विमानात बसा. ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर घड्याळ फार वेगाने चालते, हे याचे पहिले कारण. व्हिसाच्या नियमांनुसार नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑस्कीचा पहिला प्रयत्न करावा लागतो आणि आठ महिन्यांच्या आत उत्तीर्ण व्हावे लागते. तिथे नर्सेसची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल एका अर्जावर तीनच प्रयत्न देते. त्या पहिल्या तीन महिन्यांत घर शोधायचे, थंडीची सवय करायची, यॉर्कशायरच्या आजोबांचे बोलणे समजून घ्यायचे आणि तिथली कागदपत्रे शिकायची. सिरिंज हातात धरण्याचा सराव त्याच काळासाठी राखून ठेवला, तर तो कधीच पुरेसा होत नाही. रुग्णालये ऑस्कीचे वर्ग घेतात, आणि चांगले घेतात. परंतु समोरची व्यक्ती कालपरवापर्यंत वॉर्डमध्ये काम करत होती, असे त्या वर्गांत गृहीत धरलेले असते. शिवाय बहुतेक जाहिरातींत अलीकडचा अनुभव मागितलेला असतो आणि हल्ली परदेशी नर्सेसची भरती पूर्वीसारखी सढळ राहिलेली नाही. त्यामुळे हे सहा महिने मुलाखतीतही उपयोगी पडतील.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणीचे नूतनीकरण राहिले असेल, तर ते सर्वांत आधी करून घ्या. त्याशिवाय इथे कोणी कामावर घेणार नाही आणि पुढे ब्रिटनच्या कौन्सिलला पडताळणीही तिथूनच जाते. भाषेबद्दल एवढेच, की आयेल्ट्समध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. संगणकावरची पहिली परीक्षा, म्हणजे सीबीटी, भारतातच देता येते. तिच्यात गणिताचे १५ आणि नर्सिंगचे १०० प्रश्न असतात. ते पुस्तक उघडून घरी बसून होण्यासारखे काम आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

नोकरी शोधताना एका गोष्टीची काळजी घ्या. खंडानंतर आलेल्या बाईला बहुतेक ठिकाणी ओपीडीत, मेडिक्लेमच्या टेबलावर किंवा फायली लावायला बसवतात. पगार तोच आणि दगदग कमी, म्हणून ते बरेही वाटते. मी स्वतः त्या मोहात दोन महिने घालवले. तुम्ही मात्र जनरल वॉर्ड मागून घ्या आणि रात्रपाळीला नाही म्हणू नका, कारण रात्री दोन वाजता हाताशी दुसरे कोणी नसते आणि सलाईन शिरेबाहेर गेलेली असते, तेव्हाच हात शिकतो. शक्य असेल तर एनएबीएचचे, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचे, मानांकन असलेले रुग्णालय निवडा. तिथे मनगटावर ओळखपट्टी, ॲलर्जीची नोंद आणि चूक घडली तर ती लेखी कळवण्याची पद्धत या गोष्टी निदान कागदावर तरी असतात, आणि ब्रिटनमधील कामाशी त्यांचे जवळचे नाते आहे.

आता हातांविषयी. तुम्हाला भीती आहे की हात सगळे विसरले असतील. माझा अनुभव नेमका उलट आहे. रक्तदाब घेणे, ॲम्प्युल फोडून इंजेक्शन भरणे, ट्रे लावणे हे मला आठवड्याभरात आले. इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी, लावायला हात बसायला तीन-चार आठवडे लागले. अडचण अशी झाली, की हात परत आले ते जुन्या सगळ्या खोडी बरोबर घेऊनच. वीस वर्षांपूर्वीच्या वॉर्डात घाईगर्दीत लागलेल्या त्या सवयी तिकडे परीक्षेत नापास करतात आणि कामावर धोकादायक ठरतात. म्हणून सहा महिन्यांचा सराव करताना केवळ वेग मिळवू नका. प्रत्येक कृती नव्याने, नव्या पद्धतीने हातात बसवा, मग सोबतच्या सिस्टर हसल्या तरी चालेल.

सर्वांत मोठी खोड श्वसनाची. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसनाच्या तक्त्यावर, श्वसनाच्या रकान्यात आपण सगळ्यांनी न मोजता २० लिहिलेले आहे. हे नाकारणारी सिस्टर मला अजून भेटायची आहे. ब्रिटनमध्ये प्रौढ रुग्णांसाठी न्यूज-टू नावाची गुणपद्धती वापरतात. ती रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून आणली. श्वसन, ऑक्सिजनचे प्रमाण, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान या सहा गोष्टींना गुण द्यायचे, आणि रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी २ वाढवायचे. एक उदाहरण घ्या. रुग्णाचे श्वसन २२, ऑक्सिजन ९५, रक्तदाब ११८, नाडी १०४, ताप ३८.४ सेल्सिअस, शुद्ध पूर्ण. श्वसनाचे २, ऑक्सिजनचा १, नाडीचा १ आणि तापाचा १, म्हणजे एकूण ५. आणि ५ झाले की डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते. त्याच रुग्णाचे श्वसन अंदाजाने २० लिहिले, तर बेरीज ३ होते आणि बिघडत चाललेला माणूस कागदावर बरा दिसतो. म्हणून आजपासून पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून छाती पाहा, आणि रुग्णाला आपण श्वास मोजतो आहोत हे कळू देऊ नका. सहा महिने हे एवढे एकच केले, तरी तुमची निम्मी तयारी झाली असे मी समजेन.

दुसरी खोड ओळख पटवण्याची, आणि मी नापास झाले ती इथेच. आपल्याकडे ‘सात नंबरची बाई’ म्हटले की काम चालते. परीक्षेत मी औषधाचा तक्ता वाचला, गोळी बरोबर काढली, मात्रा बरोबर सांगितली, पण मनगटावरची पट्टी तक्त्याशी ताडून पाहिली नाही आणि ॲलर्जी विचारायची राहिली. रुग्णाकडून त्याचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख वदवून घ्यायची, पट्टीवरचा क्रमांक जुळवायचा, ॲलर्जी विचारायची आणि मगच औषधाला हात लावायचा. ‘तुमचे नाव शांताबाई ना?’ असे विचारणे उपयोगाचे नाही, कारण अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. दुसऱ्या प्रयत्नापूर्वी व्हिडिओ कॉलवर मी माझ्या मुलाला रुग्ण केले होते. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘आई, माझी जन्मतारीख तुला माहीत नाही का?’ तेव्हा माझी सवय पक्की झाली असे मी मानले.

इंजेक्शनच्या बाबतीतही बरेच मोडून पुन्हा बसवावे लागते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावण्याची सवय आधी सोडा. ब्रिटनमध्ये टोकदार उपकरणांविषयी २०१३ चे स्वतंत्र नियम आहेत आणि सुई टाकायचा डबा खाटेपाशी नेऊन ती थेट त्यात टाकणे अपेक्षित असते. स्नायूतल्या इंजेक्शनसाठी आपला हात आपोआप कुल्ह्याच्या मागच्या वरच्या भागाकडे जातो. तिथे पायाकडे जाणारा सायटिक मज्जातंतू जवळ असल्यामुळे तिकडे दंड, मांडीची बाहेरची बाजू किंवा कुल्ह्याची बाहेरची बाजू पसंत करतात. ड्रेसिंगमध्ये चीटल फोर्सेप्सची, म्हणजे निर्जंतुक वस्तू उचलायच्या लांब चिमट्याची, बरणी आणि वाडग्यातले बीटाडिन विसरा. सीलबंद एकवापराचे पाकीट असते आणि जखमेला किंवा कॅथेटरच्या तोंडाला लागणाऱ्या भागाला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही, हे त्या पद्धतीचे सार आहे. तसेच कोपरापासून खाली हात मोकळे लागतात. बांगड्या आणि घड्याळ काढून काम करण्याची सवय इथेच लावून घ्या. नाहीतर हात धुताना तुमचे लक्ष हातांऐवजी बांगड्यांकडे जाईल.

आकड्यांचा आणि नावांचा बदल वरकरणी लहान वाटतो, पण घाईत फसवतो. साखर तिकडे मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्या आकड्याला १८ ने भागायचे, म्हणजे आपली १८० ती तिकडची १०, आणि ४ च्या खाली गेली की धावपळ. औषधे ब्रँडच्या नावाने लिहीत नाहीत, तेव्हा लॅसिक्स म्हणण्याऐवजी फ्युरोसेमाइड म्हणायची सवय करा. सलाईनचे थेंब मोजणे मात्र सोडू नका. १००० मिलीलीटर आठ तासांत द्यायचे, तर तासाला १२५ आणि मिलीलीटरला २० थेंबांच्या सेटने मिनिटाला साधारण ४२ थेंब. तिकडे बहुतेक वेळा पंप असतो, पण पंपावर भरलेला आकडा चुकला आहे हे ओळखायला हेच गणित लागते.

ज्या कामाची आपल्याकडे कोणी कौशल्यात गणना करत नाही, ते म्हणजे रुग्णाला आंघोळ घालणे, कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, बेडपॅन. आपल्याकडे हे मावशी करतात किंवा नातेवाईक करतात, आणि आपण चार्ट भरतो. ब्रिटनमध्ये नातेवाईक रात्री उशाशी बसलेले नसतात. मदतनीस असतात, पण नर्सही बाह्या सरसावून ते काम करते, आणि त्वचा कुठे लाल झाली आहे, जेवण का जात नाही, हे तिला तेव्हाच दिसते. माझ्या बरोबर आलेल्या दोघी आयसीयूत तरबेज होत्या आणि याच कामापाशी अडखळल्या; काहींना त्यात कमीपणा वाटला, हेही लपवत नाही. तुमच्या वॉर्डात मावशींच्या बरोबरीने रोज दोन रुग्णांचे स्पंज करा. मावशी आधी संशयाने पाहतील, पण कूस वळवण्याच्या युक्त्या त्यांच्याइतक्या कोणाला येत नाहीत. एकच लक्षात ठेवा, की रुग्णाला काखेत हात घालून उचलणे तिकडे चालत नाही. त्यासाठी सरकपट्टी आणि हॉइस्ट, म्हणजे रुग्णाला उचलायचे यंत्र, असतो.

परीक्षेचे स्वरूप माझ्या वेळी सहा स्थानकांचे होते. ऑगस्ट २०२१ पासून दहा झाली. चार स्थानके एकाच रुग्णाभोवतीची असतात, म्हणजे तपासणी, आखणी, अंमलबजावणी आणि शेवटी पुढच्या व्यक्तीला ओव्हर देणे, म्हणजे रुग्णाची माहिती सोपवणे; चार स्थानके हातांच्या कौशल्याची आणि दोन लेखी. काही स्थानकांत नापास झालात, तर तेवढीच पुन्हा देता येतात. परीक्षकाला तुमच्या मनातले दिसत नाही, म्हणून करत असलेली प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलावी लागते. आपल्याला मुकाट्याने काम उरकण्याची सवय असते, तेव्हा वॉर्डात आत्ताच रुग्णाशी मराठीत बोलत काम करा : ‘मी आता हात धुते, आता तुमची पट्टी बघते, थोडे टोचेल.’ भाषा नंतर बदलता येते. बोलत काम करणे आधी अंगवळणी पडायला हवे.

तुम्ही शेवटी विचारले आहे, की चाळिशीनंतर शीर सापडेल का. सापडेल. पण तिकडे गेल्यावर कित्येक महिने ती शोधायची परवानगीच नसेल, याची तयारी ठेवा. बऱ्याच रुग्णालयांत कॅन्युला, म्हणजे आपले इंट्राकॅथ, लावणे आणि शिरेतून औषध देणे यांसाठी वेगळे प्रशिक्षण आणि देखरेखीखाली ठरावीक वेळा करून दाखवणे लागते. भारतातला अनुभव त्यात धरला जात नाही. माझ्या परवानगीवर सही आठव्या महिन्यात झाली. तोवर एफवाय-वन डॉक्टर, म्हणजे आपल्याकडचे इंटर्न म्हणा, एका आजींच्या हातावर तीनदा टोचत असताना मी शेजारी उभी राहून, चौथी जागा कुठे आहे हे बोटाने दाखवत होते.