बाबांचं घड्याळ, सासूबाईंची पातेली आणि तुमचे प्रश्न

मागच्या वेळी म्हटलं होतं की घरात एखादी जुनी वस्तू अजून वापरात असेल किंवा वापरात आणायची असेल तर लिहा, आणि तुम्ही लिहिलंत, भरभरून लिहिलंत. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाहीये पण चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांचं चावीचं एचएमटी घड्याळ आहे, डायलवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलंय. वडील जाऊन सहा वर्षं झाली. चावी दिली की दहा मिनिटं चालतं आणि थांबतं. मला ते रोज घालायचंय पण घरचे म्हणतात आठवण आहे ती, बिघडेल, लॉकरमध्ये ठेव. डायल पिवळी पडलीय, ती रंगवून घेऊ का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : घाला. घरच्यांची भीती मला कळते, पण लॉकरमध्ये ठेवलेलं घड्याळ सुरक्षित राहतं हा गैरसमज आहे. घड्याळ तुम्ही घाला नाहीतर ठेवा, आतलं तेल वर्षांनुवर्षं गेली की सुकतंच, घट्ट होतं. हातात असलेलं घड्याळ मागे पडायला लागलं की तुम्हाला लगेच समजतं, आणि कपाटातलं आतल्या आत गंजलं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

दहा मिनिटं चालून थांबतंय म्हणजे बहुतेक ते तेलच सुकलंय. सर्व्हिसिंग होईपर्यंत पुन्हा पुन्हा चावी देऊन बघू नका, कोरड्यावर चाललं की बारीक आस झिजतात. आधी सर्व्हिसिंग करा, म्हणजे नुसतं उघडून फुंकर मारणं नव्हे, पूर्ण खोलून, धुवून, नवीन तेल देऊन जोडणं, आणि घड्याळवाल्याला हे आधीच स्पष्ट विचारा. पार्ट मिळणार नाहीत ही काळजी करू नका. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, मधल्या काळात ही घड्याळं इतकी बनली की जुन्या घड्याळवाल्यांच्या डब्यात त्यांचे बंद पडलेले नग असतातच, त्यातून पार्ट काढून लावतात.

आणि डायल रंगवू नका, प्लीज. बाजारात रंगवलेल्या डायलची ‘नव्यासारखी’ घड्याळं खूप फिरतात, अक्षरं जाड आणि थोडी वाकडी असतात, बघितलं की ओळखू येतात. तुमच्या डायलचा पिवळेपणा तुमच्या बाबांच्या मनगटावर आलाय, तिकिटं फाडताना, उन्हात, घामात. तो पुसला तर उरेल ते फक्त एक जनता घड्याळ, आणि ती हजारो आहेत. काच मात्र ओरखडली असेल तर खुशाल बदला.

रोजचं म्हणाल तर सकाळी एका ठरलेल्या वेळेला, हातातून काढून चावी द्या. मनगटावर असताना दिली की दांडीवर तिरका जोर येतो. बोटाला आतून अडल्यासारखं लागतं तिथे थांबायचं, पुढे जोर करायचा नाही. पाण्यापासून जपा. स्पीकरजवळ किंवा मॅग्नेटवाल्या मोबाईल कव्हरवर ठेवू नका, आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकाने चिकटते आणि घड्याळ एकदम पुढे पळायला लागतं (तसं झालंच तर घाबरू नका, घड्याळवाला मशीनवर मिनिटभरात चुंबक उतरवतो). दिवसाला अर्धा-एक मिनिट इकडेतिकडे होणारच, रेडिओच्या बातम्यांना काटा लावून घ्यायचा, तुमचे बाबाही बहुतेक तेच करत असतील. रात्री शांत असताना कानाला लावून बघा, सेकंदाला पाच टकटक असतात, तो आवाज तुम्ही लहानपणी त्यांच्या कुशीत ऐकलेला असणार.

प्रश्न : सासूबाईंची पितळेची सात पातेली माळ्यावर होती, काढली. हौसेने एकात आमटी केली तर चव विचित्र लागली आणि सगळी फेकावी लागली. आता घरात सगळे म्हणतात शोकेसमध्ये ठेव. यात खरंच स्वयंपाक करता येतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, आमटी कळकली. पातेल्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, नव्हती, त्यात चिंच नाहीतर आमसूल पडलं की तांब्याचा अंश अन्नात उतरतो, ते खायचंच नसतं, फेकलीत ते बरंच केलंत. पण चूक पातेल्याची नाही, पितळेला कल्हई लागतेच, सासूबाई दर काही महिन्यांनी करून घेत असणार.

कल्हईवाले कमी झालेत पण संपलेले नाहीत. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या जुन्या दुकानात विचारा, त्यांच्याकडे हमखास कुणाचा तरी नंबर असतो. आमच्या बिल्डिंगखाली वर्षातून दोनदा एक जण येतात, त्या दिवशी मी कामं बाजूला ठेवून खाली जाऊन बसते. आधी भांडं घासून लख्ख करायचं, मग निखाऱ्यावर ठेवून भात्याने तापवायचं, चांगलं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची, भसकन पांढरा धूर येतो, त्याचा वास नाकात जातो आणि मला एकदम माहेरचं अंगण आठवतं. मग कथलाची पट्टी नुसती टेकवायची, ती वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने दोन-चार हात फिरवले की पिवळं पातेलं डोळ्यासमोर चांदीसारखं होत जातं. मग पाण्यात बुडवलं की चर्रर्र. एवढंच, पाच मिनिटांत एक भांडं. कथील शुद्ध हवं, त्यात शिसं मिसळलेलं अजिबात नको, हे मात्र ठासून सांगा, जास्त पैसे पडले तरी चालतील.

नंतर सांभाळायचं असं की रिकामं पातेलं गॅसवर तापत ठेवायचं नाही. कथील २३२ अंशांना वितळतं आणि रिकामं भांडं तिथे बघता बघता पोचतं. म्हणून खमंग फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून ओता. ढवळायला लाकडी डाव, घासायला मऊ घासणी, तारेची नको. बाहेरून चिंच-मीठ लावून हवं तेवढं चमकवा. आणि आतून पिवळे डाग दिसायला लागले की पुन्हा कल्हई, तोपर्यंत त्यात आंबट काही नाही. एका पातेल्यापासून सुरुवात करा, त्यात साधा वरणभात लावा, जाड पितळेत उष्णता सगळीकडे सारखी पसरते, डाळ बुडाला लागत नाही. सातही एकदम काढलीत तर घासण्यानेच कंटाळाल.

प्रश्न : वाड्यातला पाणी तापवायचा तांब्याचा बंब फ्लॅटमध्ये आणलाय, बाथरूममध्ये पेटवता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, दादा, कृपा करून नको. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. गच्ची किंवा मोकळं अंगण असेल तर जरूर पेटवा, फक्त आधी पाणी भरायचं आणि मगच विस्तव घालायचा, रिकामा तापला तर डाग देऊन जोडलेले सांधे सुटतात.

प्रश्न : आजोबांचा चावीचा ग्रामोफोन दुरुस्त झाला! नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या आहेत आणि बाबांच्या एलपीसुद्धा आहेत. दोन्ही त्यावर लावू का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : अभिनंदन! पण एलपी नको, एकदासुद्धा नको. ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारा गोल डबा, सुईवर शंभर ग्रॅमच्या वर वजन टाकतो, एलपीच्या प्लेअरला दोन-तीन ग्रॅम पुरतात, म्हणजे बाबांची एलपी पहिल्याच फेरीत खरवडून निघेल. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या आणि दगडाच्या भुकटीच्या, त्या हे वजन सोसतात, पण त्यांच्यासाठीही दर बाजूला नवीन पोलादी सुई लावायची. सुया अजून बनतात, शंभरच्या डब्या मिळतात, त्यात कंजुषी करू नका कारण झिजलेली सुई पटाशीसारखी खाचा तासत जाते. तबकडी पुसायला स्पिरिट वापरू नका, लाख त्यात विरघळते, मऊ कोरडा ब्रश बास. वाजवून झालं की उरलेली चावी उतरू द्या, स्प्रिंग ताणलेली ठेवू नका. आणि पहिली कुठली तबकडी लावलीत, आजोबांची आवडती कुठली होती, ते मला नक्की कळवा.