आईच्या बांगड्या गहाण ठेवण्याआधी

पत्र: ताई, मी लांजा तालुक्यातली. रत्नागिरीत बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेटवर्किंग हा माझा आवडता विषय. बाबांची थोडी हापूसची बाग आहे, धाकटा भाऊ बारावीत आहे. बाबा म्हणतात, ‘एम.सी.ए. कर, पदवी ती पदवी.’ ठाण्याचा मामेभाऊ म्हणतो, ‘दोन वर्षे वाया घालवू नकोस, सर्टिफिकेशन कर.’ त्याला त्यावरच नोकरी लागली. पुण्यातली एक संस्था ८५ हजार रुपयांत सहा महिन्यांचा कोर्स आणि नोकरीची हमी देते आहे. आई त्यासाठी बांगड्या गहाण ठेवायला तयार आहे. मला काही वर्षे बाहेर काम करून पुढे कोकणातच राहायचे आहे. आम्ही ओबीसी आहोत. काय करू?

उत्तर: तुझ्या पत्रातील सर्वांत घाईची गोष्ट बांगड्यांची आहे, म्हणून आधी तेच सांगते. त्या गहाण ठेवू देऊ नकोस. सर्टिफिकेशनला माझा विरोध नाही. मात्र ते मिळवण्यासाठी ८५ हजार रुपये मोजावे लागतात, हा समज आधी दूर व्हायला हवा. नेटवर्किंगच्या क्षेत्रात ज्यांना मान आहे त्या परीक्षा, उदाहरणार्थ नेटवर्किंगसाठी सिस्कोची सीसीएनए किंवा लिनक्स यंत्रणा सांभाळण्यासाठी रेड हॅटची आरएचसीएसए, त्या त्या कंपनीच्या असतात आणि त्यांना बसण्यासाठी कोणत्याही क्लासचा दाखला लागत नाही. सीसीएनएचे शुल्क ३०० डॉलर आहे, म्हणजे करासह साधारण तीस हजार रुपये. उरलेली रक्कम शिकवण्याची असते, आणि कित्येकदा शेवटी हातात पडते ते त्या संस्थेचेच प्रमाणपत्र, ज्याची दखल नोकरी देणारा घेईलच असे नाही. तरीही चौकशी करायची असेल, तर शुल्कात कोणत्या परीक्षेची फी धरली आहे आणि ‘हमी’ म्हणजे नेमणूक की केवळ मुलाखतीला पाठवणे, हे लेखी माग. लेखी देण्यास टाळाटाळ झाली, तर तिथून परत फिरावे.

मामेभावाचा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. चांगल्या परीक्षा खरोखरच कस लावतात. आरएचसीएसएमध्ये पर्यायांपुढे खूण करायची नसते. चालू यंत्रणा समोर देतात, तिच्यावर वापरकर्ते तयार करायचे, डिस्कची जागा जोडायची, नेटवर्क लावायचे, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ते सारे जसेच्या तसे टिकले तरच गुण मिळतात. असे काम ज्याला येते त्याला पुण्या-मुंबईच्या खासगी कंपन्या बोलावतात, यात शंका नाही. मात्र नोकरी लागली तेव्हा त्याच्या गाठीला आधीचे किती काम होते, हे त्याला मोकळेपणाने विचार. शिवाय या दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची असते. आज सीसीएनए करून नंतर दोन वर्षे एम.सी.ए. केलीस, तर नोकरीच्या दारात उभी राहशील तेव्हा त्यातले जेमतेम एक वर्ष उरलेले असेल.

आता बाबांच्या म्हणण्याकडे वळते. पदवी ती पदवी, एवढ्यावर मी त्यांची बाजू घेणार नाही. मी ती घेते ती तुझ्या एका वाक्यामुळे, की तुला पुढे कोकणात राहायचे आहे. आपल्या भागात संगणकाच्या कायम नोकऱ्या मुख्यतः बँका, सरकारी कार्यालये आणि महाविद्यालये येथे आहेत, आणि ही ठिकाणे पहिला प्रश्न पात्रतेचाच विचारतात. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसमार्फत होणाऱ्या आयटी अधिकारी भरतीत तुझी तीन वर्षांची पदवी एकटी पुरत नाही. चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, एम.सी.ए.सारखी संगणक विषयातील पदव्युत्तर पदवी किंवा पदवीनंतर नाईलिट या सरकारी संस्थेची ‘बी’ स्तराची संगणक परीक्षा लागते. (अर्थात बँकेची नेमणूक देशात कुठेही होऊ शकते, हेही ध्यानात ठेव.) महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर पदवी आणि त्यावर सामान्यतः नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. हे दरवाजे सीसीएनएने उघडत नाहीत, आणि तिशीनंतर, घरसंसार सांभाळून, मागे राहिलेली पदवी पूर्ण करणे किती जड जाते हे मला पत्र पाठवणाऱ्या कितीतरी स्त्रिया कळकळीने लिहितात.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: एम.सी.ए. कर, आणि सीसीएनएची परीक्षा दुसऱ्या वर्षात दे. तोवर सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे संगणकावरच नेटवर्क उभारून पाहण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, त्यावर रोज थोडा वेळ राउटर-स्विच जोडून पाहण्याचा सराव ठेव. एम.सी.ए. २०२० पासून दोनच वर्षांची झाली आहे. खर्चाचे म्हणशील, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सीईटी देऊन केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातील जागेला किंवा खासगी विद्यापीठाला ही सवलत मिळत नाही. राहण्या-जेवणाचा खर्च उरतो, त्याचा हिशेब बाबांबरोबर बसून कर, आणि भावाच्या बारावीनंतरच्या फीचा आकडाही त्याच कागदावर मांड.

फेरीत जागा मिळाली नाही, तर जादा पैसे देऊन ती विकत घेऊ नकोस. मिळेल ती सुरुवातीची नोकरी धर आणि इग्नूमधून दूरस्थ एम.सी.ए. कर, मान्यताप्राप्त दूरस्थ पदवीला यूजीसीने नियमित पदवीच्या बरोबरीचा दर्जा दिलेला आहे. त्या परिस्थितीत सीसीएनए आधी देणे योग्य ठरेल, कारण तेव्हा ती लगेच कामी येईल.

सीईटीची नोंदणी तुमच्या शेवटच्या सत्राच्या परीक्षेआधीच होऊन जाते, त्यामुळे तिची तारीख आजच पाहा. जात पडताळणी झालेली नसेल तर तो अर्ज सर्वांत आधी टाक, कारण तिला वेळ लागतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र ही कामे बाबांवर सोपव, म्हणजे तुला अभ्यासाला वेळ मिळेल.