प्रश्न वाचकांचे: कमेंट, कायदा आणि ‘क्रांतिकारी शोध’

या महिन्याच्या टपालात एकाच जातीचे प्रश्न जास्त आहेत. बातमी येते, तिच्याखाली लोक तावातावाने लिहितात, आणि मग कुणीतरी कायद्याचं कलम नाहीतर विज्ञानाचा हवाला तोंडावर फेकतं. त्यातले सहा प्रश्न निवडले आहेत.

प्र. रखडलेल्या रस्त्याच्या बातमीखाली मी आमदारांवर कडक टीका केली. एकाने लगेच लिहिलं, “६६ अ लागेल, आत जाशील.” कमेंट काढून टाकू का? (वाचक, सांगली जिल्हा)

उ. धमकी देणारे गृहस्थ जुनं पुस्तक उघडून बसले आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात संपूर्ण रद्द केलं. त्या खटल्याला निमित्त घडलं ते आपल्याच पालघरमध्ये. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अशा शब्दांना काही मापच नाही, त्यात कुणालाही बसवता येईल, म्हणून कलम गेलं.

मग ते अजून लोकांच्या तोंडी कसं? कारण कायद्याच्या छापील प्रतीत कलमाचा मजकूर तसाच राहिला आणि ‘रद्द’ हा शब्द खाली तळटीपेत गेला. तळटीप कोण वाचतं! पोलिसांनीही पुढे कितीतरी वर्षं या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले, आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयाला २०२१मध्ये पुन्हा कान उपटावे लागले.

याचा अर्थ रान मोकळं झालं असा मात्र नाही. भारतीय न्याय संहितेत कलम १९६ (समाजगटांत तेढ), २९९ (धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं), ३५३ (खोटी माहिती, अफवा) आणि ३५६ (बदनामी) आहेतच. तुमच्या बाबतीत शेवटचंच कामाचं. “तीन वर्षांत रस्ता झाला नाही, हे आमदारांचं नाकर्तेपण आहे” हे मत झालं. “आमदारांनी रस्त्याचे पैसे खाल्ले” हे विधान झालं, आणि ते सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येऊ शकते. तुमच्या कमेंटमध्ये दुसऱ्या जातीचं वाक्य असेल तर तेवढं बदला. बाकी राहू द्या.

बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास सुरू करू शकत नाहीत. तक्रारदाराला थेट न्यायालयात जावं लागतं, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम २२३नुसार दखल घेण्याआधी न्यायालयाला तुमचंही ऐकावं लागतं. दुसऱ्या एखाद्या कलमाखाली पोलिसांची नोटीस आली, तर ती याच संहितेच्या कलम ३५(३)ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, आहे ना, हे पाहा. प्रत हातात घ्या, तारखेला हजर राहा, पोचपावती जपा. अशी नोटीस नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये बजावलं आहे.

प्र. मी गावच्या ग्रुपचा अॅडमिन आहे. कुणी काही भलतंसलतं टाकलं तर मला धरतात का? (वाचक, भंडारा)

उ. निव्वळ अॅडमिन आहात म्हणून नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये अॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. अॅडमिन माणसं घेऊ शकतो, काढू शकतो, पण दुसऱ्याचा मेसेज जाण्याआधी तपासू शकत नाही, म्हणून समान हेतू (दोघांचा मिळून ठरलेला इरादा) दिसल्याशिवाय तो जबाबदार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्या मेसेजला तुम्ही ‘लाइक’चा अंगठा दिलात किंवा तो पुढे ढकललात, तर हे संरक्षण तुम्हीच गमावलंत. फार पेटलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त अॅडमिन’ला मेसेज पाठवता येतील असं दोन दिवस ठेवा.

प्र. एका बातमीवरच्या वादात माझ्याबद्दल गलिच्छ मजकूर ग्रुपवर टाकला गेला. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत. वकील म्हणतात तेवढ्याने भागणार नाही. का? (वाचक, जालना)

उ. तुम्ही जालन्याच्या आहात हा योगायोग मजेचा, कारण या विषयावरचा देशभर लागू असलेला निकाल जालन्याच्याच निवडणुकीतून आला. २०१४च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप असा, की उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतला गेला. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण. सीडी मिळाली, पण तिच्यासोबतचं प्रमाणपत्र (ही नक्कल कोणत्या उपकरणातून, कशी काढली हे सहीनिशी सांगणारं) अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल (तुमचा स्क्रीनशॉट त्यातलाच) दाखल करताना प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मूळ उपकरणच साक्षीत हजर केलं तर ते लागत नाही. आणि पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही समोरचा ते देत नसेल, तर त्याला त्याची शिक्षा नको.

तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत: भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. त्यात फोनची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. आयएमईआय हवा असेल तर डायलवर स्टार (*), हॅश (#), शून्य, सहा, हॅश (#) दाबा.

हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा येतो. चित्रातला एक ठिपका बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. लोक इथेच फसतात. तोच स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर ‘फोटो’ म्हणून वकिलांना पाठवला, की अॅप तो दाबून लहान करतं. डोळ्यांना चित्र तेच दिसतं, पण फाइल दुसरी झालेली असते आणि हॅश जुळत नाही. म्हणून केबलने संगणकावर घ्या, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. हॅश काढायला सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. फाइलवर राइट क्लिक केलं की मेन्यूत पर्याय दिसतो.

आता मूळ काम. सगळ्यात आधी त्या ग्रुपमधला ‘डिसअपिअरिंग मेसेज’ चालू आहे का ते बघा. चालू असेल तर आजच हालचाल करा, उद्यावर टाकू नका. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचं तुम्ही सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर दिसत नाही. “हे नाव तर कुणालाही देता येतं” असं समोरचा वकील म्हणणारच. तेव्हा नावावर टिचकी मारून नंबर दिसणारं पान उघडा आणि त्याचाही शॉट घ्या. मेसेजच्या आगेमागचे आठ-दहा मेसेज आणि तारखेची पट्टी चित्रात येऊ द्या. कापाकापी, लाल गोल, बाण असलं काही नको. मग चॅट एक्सपोर्ट करा. फार जुनं असेल तर ते अर्धवट उतरतं, म्हणून वेळेत करा. फेसबुकसारख्या ठिकाणी “३ तास” एवढंच दिसतं. त्या वेळेवर क्लिक केलं की त्या पोस्टचा स्वतंत्र पत्ता उघडतो, तो जसाच्या तसा उतरवून ठेवा.

आणि फोन विकू नका, रिसेट करू नका. निकाल लागेपर्यंत मूळ पुरावा तोच आहे.

प्र. सामान्य तापमानाला चालणारा अतिवाहक (ज्यातून वीज रोधाशिवाय वाहते असा पदार्थ) कोरियात सापडला होता, व्हिडिओत तुकडा चुंबकावर तरंगताना दिसत होता. नंतर सगळं गुडूप झालं. आमच्या वर्गात अर्धे म्हणतात, बड्या कंपन्यांनी दाबलं. खरं काय? (विद्यार्थी, नाशिक)

उ. दाबलं नाही, तपासलं. आणि त्या तपासणीची गोष्ट त्या दाव्यापेक्षा रंजक आहे.

जुलै २०२३च्या अखेरीस दक्षिण कोरियातल्या गटाने अर्काइव्ह या संकेतस्थळावर लेख टाकला. तिथले लेख तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीचे असतात. पदार्थाचं नाव एलके-९९: शिशाच्या फॉस्फेटच्या एका खनिजात काही शिशाच्या जागी तांबं. दावा असा, की साध्या हवेच्या दाबाला आणि सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत हा अतिवाहक राहतो. त्याआधीची स्थिती माहीत असेल तर हा दावा केवढा ते कळतं. साध्या दाबाला उत्तम अतिवाहकांनाही उणे १४० अंशांच्या आसपास थंड करावं लागतं.

कृती मात्र सोपी होती. शिशाचं ऑक्साइड आणि सल्फेट मिसळून ७२५ अंशांवर २४ तास भाजायचं. तांबं आणि फॉस्फरस बंद नळीत ५५० अंशांवर ४८ तास. मग दोन्ही कुटून एकत्र करून निर्वात नळीत ९२५ अंशांवर ५ ते २० तास. हा माल कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत पडलेला असतो. म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळांनी दोन-तीन आठवड्यांत करून पाहिलं. त्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही होती. तिच्या नमुन्यात अतिवाहकता दिसली नाही.

गडबड सल्फेटमधल्या गंधकात होती. त्याचं तांब्याशी जुळून क्युप्रस सल्फाइड तयार होतं आणि ते नमुन्यात मळासारखं राहतं. या सल्फाइडची स्फटिकरचना सुमारे १०४ अंशांना बदलते, आणि त्या क्षणी त्याचा विद्युतरोध एकदम घसरतो. कोरियन लेखाच्या आलेखातही घसरण नेमकी तिथेच होती. इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना हा आकडा ओळखीचा वाटला, कारण त्यांनी या सल्फाइडवर काम केलेलं होतं. जर्मनीत स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने मग गंधक टाळून शुद्ध स्फटिक वाढवले. ते जांभळट, पारदर्शक निघाले आणि त्यांचा रोध लाखो ओहममध्ये गेला. अतिवाहक राहिला बाजूला, तो विद्युतरोधक निघाला!

तरंगण्याचं म्हणाल तर व्हिडिओ पुन्हा लावा आणि खालच्या कडेकडे बघा. तुकड्याची एक बाजू उचललेली आहे, दुसरी चुंबकाला टेकलेली. अतिवाहक चुंबकीय क्षेत्र स्वतःबाहेर ढकलतो, म्हणून पूर्ण अधांतरी राहू शकतो. असं एका पायावर उभं राहणं थोडासा लोहचुंबकीय गुण असलेल्या वेड्यावाकड्या तुकड्यालाही जमतं. पुढच्या वेळी अशी बातमी आली की दोनच गोष्टी विचारा: रोध खरोखर शून्य मोजला का, आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकलं जातं हे मोजून दाखवलं का.

“नामांकित नियतकालिकात छापलंय” एवढ्यावरही विसंबू नका. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या गटाचा असाच दावा त्याच वर्षी मार्चमध्ये ‘नेचर’ने छापला आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतला.

प्र. सोसायटीच्या सचिवांनी थकबाकीदारांची यादी फोन नंबरांसकट ग्रुपवर टाकली. नव्या डेटा कायद्याने मला २५० कोटींपर्यंत भरपाई मिळू शकते असं वाचलं. (वाचक, ठाणे)

उ. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी ही दंडाची कमाल मर्यादा आहे. ती माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्यासाठी आहे, आणि दंड सरकारी तिजोरीत जातो. तुम्हाला त्यातला छदामही नाही. उलट, या कायद्याने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम ४३ अ वगळायची तरतूद केली, यावर आरडाओरडा व्हायला हवा होता. तो फारसा झाला नाही.

कायद्याला राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट २०२३मध्ये मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. तुम्ही वाचलं ते यातल्या कोणत्या टप्प्याबद्दल होतं, हे त्या मजकुरात असतं तर हा प्रश्न पडलाच नसता. सध्या सचिवांना लेखी पत्र द्या: यादी हवी तर सदनिका क्रमांक आणि रक्कम एवढीच ठेवा, नंबर काढा. पत्राच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. खोटी किंवा थिल्लर तक्रार केल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड तक्रारदारालाही आहे, हेही ध्यानात असू द्या.

प्र. “न्यायालयाने सरकारला फटकारलं” अशी बातमी वाचून आम्ही पेढे वाटतो, आणि पुढे काहीच होत नाही. निकाल झाला की नाही हे कसं ओळखायचं? (वाचक, पणजी)

उ. फटकारणं हा निकाल नसतो. सुनावणीत न्यायमूर्ती वकिलांना हजार प्रश्न विचारतात, त्यातलं आदेशात उतरतं तेवढंच बंधनकारक. बातमीत ‘तोंडी’, ‘सुनावणीदरम्यान’, ‘प्रथमदर्शनी’ हे शब्द शोधा. अंतरिम स्थगिती ही आणखी वेगळी.

सरकारी ‘फॅक्ट चेक युनिट’चंच बघा. केंद्राने एप्रिल २०२३मध्ये नियम बदलून सरकारी कामकाजाबद्दलचा खोटा मजकूर ठरवण्याचा अधिकार या युनिटला देऊ केला. मुंबई उच्च न्यायालयात ३१ जानेवारी २०२४ला न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध ठरवला. निकाल फुटला. त्या दिवशी दोन्ही बाजूंना आपापलं अर्धं निकालपत्र नाचवता आलं असतं. २१ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने युनिटच्या अधिसूचनेला स्थगिती दिली. २० सप्टेंबरला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम अवैध ठरवला, आणि त्यानंतर २६ तारखेला खंडपीठाने बहुमताने तो रद्द केला. पेढे वाटायचे असतील तर ते त्या २६ तारखेचे.

निकालपत्र उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. दीडशे पानं वाचायची गरज नाही. शेवटची दोन पानं उघडा. ‘याचिका मंजूर’ किंवा ‘फेटाळली’ आणि त्याखाली क्रमांक घातलेले आदेश असतात. तिथे नुसती पुढची तारीख दिसली, तर पेढे डब्यातच राहू द्या.